एंबोरा म्हणजे जरी

पोर्तुगीजमधलं "पोर्के" म्हणायला ओठ मिटावे लागतात, आणि प्रेमिलाचा खालचा ओठ त्या दिवशी मिटत नव्हता. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी ओठ मिटला, पण मिटताक्षणी उलला आणि रक्ताचा थेंब थेट उताऱ्यावर पडला.

"राहू दे गो," शिकवणाऱ्या उत्तराबाई म्हणाल्या. "विश्वनाथ वाचेल."

"मीच वाचते बाई." प्रेमिलाने पदराने ओठ दाबला. "परीक्षेत काय विश्वनाथ येऊन राहिला माह्या बदल्यात?"

आणि तिने वाचलं. रक्त गिळत गिळत वाचलं.

ही शिकवणी नागपुरात बर्डीवर एका जोड्यांच्या दुकानाच्या माडीवर चालायची. खालून चामड्याचा वास यायचा, वर आम्ही चौघं कारकून पोर्तुगीज शिकायचो. गोवा आपल्यात येऊन तीनेक वर्षं झाली होती. तिथली जमिनीची, कोर्टाची सगळी जुनी कागदपत्रं पोर्तुगीजमध्ये, आणि वाचायला माणसं कमी. आमच्या ऑफिसला हुकूम आला की चार जणांना शिकवा, जो परीक्षा पास होईल तो पणजीला जाईल, राहायला क्वार्टर मिळेल. महाल भागातल्या विश्वनाथला बढती हवी होती. लहानूला समुद्र पाहायचा होता, कारण सक्करदऱ्याच्या तलावापेक्षा मोठं पाणी असतं यावर त्याचा विश्वासच नव्हता. मी आपली घरी सासू होती म्हणून जायचे. पण प्रेमिलाला जायचंच होतं. नागपुरात राहिली तर ती एक दिवस नवऱ्याच्या हातून मरणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. तोंडाने मात्र कोणी म्हणत नव्हतं.

नवरा म्हणजे आनंदराव. लकडगंजात आरा मशीनवर होता. चार माणसं लागतात तो सागाचा ओंडका हा खांद्यावर टाकायचा आणि वर बसायला एखाद्याला बोलवायचा. मौद्याच्या बाजारात एका बैलाने त्याच्यावर शिंग उगारलं, तर याने बैलाच्या कपाळावर अशी बुक्की हाणली की बैल जो बसला तो विकला जाईपर्यंत उठला नाही. मौद्याचे लोक म्हणतात की बैल आधीच आजारी होता, पण मौद्याच्या लोकांना दुसऱ्याचं चांगलं कधी बघवलंय? एकदा भर चौकात त्याने एका रिक्षावाल्याला थापड मारली, तर पलीकडच्या गल्लीतला हवालदार कोणाचा टायर फुटला म्हणून संध्याकाळपर्यंत सायकली तपासत हिंडत होता.

आता हे सगळं हसत सांगता येतं. पण तोच हात रोज प्रेमिलावर पडायचा. गंमत बघा, ती तेही हसतच सांगायची. "काल ताट उडालं. वरण छताले चिकटलं. आज सकाळी माह्या डोक्यावर टपकून राहिलं होतं." किंवा, "कानात शिट्टी वाजून राहिली परवापासून. बरं आहे, शेजारणीचा रेडिओ ऐकू येत नाही." पाठीवर काय आहे ते मात्र सांगायची नाही. शिकवणीत बसताना ती बाकाला टेकत नसे, त्यावरून आम्ही ओळखायचो.

शिकवणीत तिची हुशारी पहिल्यांदा दिसली ती याच पोर्केवर. बाईंनी सांगितलं की पोर्तुगीजमध्ये "का" विचारायलाही पोर्के आणि "कारण" सांगायलाही पोर्के. विश्वनाथ डोकं खाजवत बसला, प्रश्न आणि उत्तर एकच कसं असेल म्हणून. प्रेमिला म्हणाली, यात काय अवघड आहे, आमच्या घरी असंच चालते. मी विचारते, काहून मारता? तो म्हणते, काहून का. झालं.

उत्तराबाई मडगावच्या. नवरा रेल्वेत, म्हणून इकडे आलेल्या. अंगाने इतक्या बारीक की पंखा लावला की आम्ही त्यांचा पदर धरून ठेवायचो, आणि आवाज असा मऊ की खाली दुकानदाराने जोडा आपटला तर त्यांचं वाक्य पुसलं जायचं. त्यांच्या शाळेत उभयान्वयी अव्ययांना फार मार होता. दोन वाक्यं जोडताना शब्द चुकला की पाल्मातोर. पाल्मातोर म्हणजे भोकं पाडलेली लाकडी थापी. ती तळहातावर बसली की भोकांतून कातडी वर उचलून येते. "आणि"ला दोन, "पण"ला दोन, "जरी"ला चार, कारण जरी अवघड. बाई म्हणायच्या, माझी अव्ययं डोक्यात नाहीत गो, हातात आहेत. आम्हाला त्यांनी कधी हात लावला नाही. फूटपट्टीसुद्धा फळ्यावर रेघ मारण्यापुरतीच.

रोज शिकवणी संपली की फळा पुसून त्या म्हणायच्या, "वामुझ एंबोरा." चला, निघू या. त्यामुळे एंबोरा म्हणजे निघणं, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. लहानू तर रस्त्यातल्या गाईलाही "एंबोरा बे" म्हणायचा आणि गाय सरकायचीसुद्धा.

तर त्या दिवशीचा उतारा. बाईंनी शाळेत पाठ केलेला, आठवून आठवून लिहून दिलेला. पेद्रू कोळी. जाळ्यात मासळी आली नाही, आणि तो घरी आला, पण सूप थंड होतं, म्हणून त्याने मारियाला मारलं. एका ओळीत आणि, पण, म्हणून, सगळी अव्ययं हजर. असले धडे ते लोक लहान पोरींना पाठ करायला द्यायचे. पुढचं वाक्य एंबोराने सुरू होत होतं. प्रेमिलाने अर्थ लावायला घेतला.

"निघून गेली. नवरा मारत होता. मारिया घरी..." ती थांबली. "बाई, तुमचं लिहिताना चुकलं. निघून गेली तं घरी कशी राहिली?"

बाईंनी समजावलं की इथे एंबोरा म्हणजे निघणं नव्हे, इथे ते अव्यय आहे. जरी. जरी नवरा मारत होता, तरी मारिया घरीच राहिली.

लहानूने वही डोळ्याजवळ नेली. "जरी दिसून राहिलं बाई. तरी कुठी आहे?"

बाई म्हणाल्या की पोर्तुगीजला तरी लागत नाही, एकट्या जरीवर भागतं.

"असं कसं भागन? बिना तर्रीचे पोहे अन् बिना तरीची जरी, दोन्ही नागपुरात कोणी घेत नाही."

आम्ही सगळे हसलो, बाईसुद्धा तोंडावर हात घेऊन हसल्या. प्रेमिला नाही हसली. ती त्या शब्दावर बोट ठेवून बसली होती.

"एकच शब्द," ती म्हणाली. "जरी म्हटलं का बाई राहते. निघून म्हटलं का बाई जाते. मंग ओळखायचं कसं?"

"जागेवरून," उत्तराबाई म्हणाल्या. "वाक्याच्या तोंडाशी आला तर बहुधा जरी. क्रियापदाच्या पाठीमागे आला तर निघून. शब्द तोच, फक्त कुठे उभा आहे ते बघायचं."

इथे गप्प बसावं की नाही विश्वनाथने? पण महालातला माणूस, व्याकरण दिसलं की त्याला राहवत नाही. तो म्हणाला, वाक्य अगदी शुद्ध आहे, आणि एका बाईने संसार टिकवला तर त्यात वाईट काय आहे म्हणतो मी.

प्रेमिलाने समोरची दौत उचलली आणि फेकली. जोराने नाही, नीट नेम धरून. दौत विश्वनाथच्या कपाळावर फुटली. निळी शाई आणि लाल रक्त मिसळून त्याचा चेहरा असा जांभळा झाला की खालचा दुकानदार जांभळं घेऊन कोणी आलंय म्हणून वर बघायला आला. कपाळाला टाके पडले. काच काढताना विश्वनाथ ज्या शिव्या देत होता त्यात एकही वाक्य शुद्ध नव्हतं.

पण माणूस डूख धरणारा. टाके घातलेलं कपाळ घेऊन तो गेला सरळ लकडगंजात, आरा मशीनवर. पुढे कैक वर्षं सांगायचा, मी फक्त तक्रार करायला गेलो होतो. आनंदरावला वाटत होतं की बायको टायपिंग शिकायला जाते. ती पणजीला जायची परीक्षा देते आहे, आणि परीक्षा सोमवारी आहे, हे त्याला विश्वनाथने सांगितलं.

शनिवारी तो आला. जिन्याच्या फळ्या वाजल्या तशी प्रेमिलाने पेन बंद केलं आणि पदर खोचला. इतका सराव होता तिला. आनंदराव दारात उभा राहिला तर माडीवर अंधार झाला. अंगभर भुसा, भुवयांवरसुद्धा.

"पणजी कुठी आहे वं?" त्याने विचारलं.

"दूर," प्रेमिला म्हणाली.

त्याने तिची वेणी हाताला गुंडाळली आणि ओढलं. बाक तिच्यासकट आलं. लहानूने मागून त्याच्या पाठीवर उडी घेतली आणि गळ्याला लटकला. आनंदरावने म्हैस माशी झटकते तसं अंग झटकलं, आणि लहानू जिन्यावरून घरंगळत जो गेला तो दुकानात, जोड्यांच्या खोक्यांची अख्खी रास अंगावर घेऊन थांबला. वर आला तेव्हा समोरचे दोन दात नव्हते आणि एका पायात नवाकोरा बूट होता. मी आनंदरावला छत्रीने हाणलं. छत्री माझ्या लग्नातली, पोलादी दांड्याची, ती त्याच्या खांद्यावर प्रश्नचिन्हासारखी वाकली. मला त्याने काही केलं नाही, लोणच्याची बरणी ठेवावी तशी उचलून कोपऱ्यात ठेवली. विश्वनाथ टेबलाखाली होता. प्रेमिलाने आनंदरावच्या मनगटाला असा चावा घेतला की रक्त तिच्या हनुवटीवरून ओघळलं, तेव्हा त्याने तिचं डोकं बाकाच्या कोपऱ्यावर आपटलं. एकदा, आणि परत. दुसऱ्या वेळचा आवाज वेगळा होता. त्या आवाजाने मी ओरडायचंसुद्धा विसरले.

"हात पुढे कर."

कोण बोललं ते आधी कळलंच नाही. तो आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. उत्तराबाई आनंदरावसमोर उभ्या होत्या, त्याच्या बरगडीपर्यंतसुद्धा पोचत नव्हत्या, आणि हातात फूटपट्टी होती.

"हात पुढे. उलटा नको. तळवा वर."

आणि आनंदरावचा हात पुढे आला. मी डोळ्यांनी पाहिलं. दुसरीतून शाळा सुटलेला माणूस, पण हाताला शाळा आठवत होती. वेणी सुटली, हात वर झाला, बोटं सरळ झाली, मान खाली गेली. ते भलंमोठं तोंड एकदम लहान दिसायला लागलं. बाईंनी पट्टी मारली. मग पुन्हा मारली, आणि पट्टी मोडली. त्याने तळव्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि जिना उतरून गेला.

आम्ही हसलो हो. काय करणार, हसूच आलं. लहानू तोंडातून रक्त थुंकत हसत होता, प्रेमिला डोक्याला पदर दाबून हसत होती, मी वाकलेली छत्री घेऊन हसत होते. उत्तराबाई मात्र हसल्या नाहीत. आपलेच दोन्ही तळवे काखेत दाबून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी प्रेमिलाला म्हटलं, आज माझ्या घरी चल. ती म्हणाली, नको, आज तो नाही मारणार, आज तो लाजला आहे.

सोमवारी ती परीक्षेला आली तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मेयो हॉस्पिटलातून सरळ आली होती. ऑफिसच्या पायरीवर बसून तिने आम्हाला सांगितलं, आणि त्या दिवशी ती हसत नव्हती.

रविवारी सकाळी आनंदराव नीट उठला, चहा प्यायला. मग म्हणाला की तुझ्या बाईने मला शिकवलं, आता तू हात पुढे कर. तिने डावा केला. तो म्हणाला, तो नाही, लिहायचा. मशीनवरून सागाची पट्टी आणून ठेवलेली होती.

"मी काही ओरडली नाही," प्रेमिला म्हणाली. "हाड ओरडलं."

उत्तराबाई खाली पायरीवरच बसल्या. माझ्यामुळे झालं, मी त्याला चेव आणला, असं काहीसं पुटपुटत राहिल्या. प्रेमिलाने डाव्या हाताने त्यांचा खांदा धरला.

"तुम्ही मारलं नसतं तं तो काय माह्या पाया पडला असता बाई? उठा. वेळ होऊन राहिली."

परीक्षा घ्यायला पणजीहून एक म्हातारे साहेब आले होते. जाड चष्मा, उन्हाने लाल झालेलं नाक. नागपूरच्या उकाड्याने ते अर्धे विरघळले होते. प्रेमिलाचा हात बघून ते म्हणाले की लेखी परीक्षा आहे, लिहिता येत नसेल तर पुढच्या वर्षी या. त्यांनी हे चांगुलपणानेच सांगितलं.

"पुढच्या वर्षी मी नसन साहेब," प्रेमिला म्हणाली.

साहेबांना आधी कळलं नाही. मग त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं, कपाळावरच्या खोकेकडे पाहिलं, ओठाकडे पाहिलं. नियमाचं पुस्तक त्यांनी बंद केलं नाही, उघडंच ठेवलं, फक्त त्याच्यावर आपली टोपी ठेवली. म्हणाले, बस, तोंडी घेतो.

आम्ही बाकीचे त्याच खोलीत लिहीत होतो. लिहीत कसले, कान तिकडेच. साहेब उतारा वाचत आणि जोडशब्दाच्या जागी थांबत. प्रेमिला शब्द भरत होती. आणि. पण. किंवा. कारण. ओठाची खपली उलून परत रक्त आलं, ते ती जिभेने पुसत होती. एकही शब्द चुकला नाही. मग साहेबांनी शेवटचा प्रश्न विचारला. एंबोरा वापरून स्वतःचं वाक्य कर. सगळ्यांत अवघड, कारण एंबोरा आला की मागोमाग क्रियापद रूप बदलतं. बाईंच्या शाळेत याला चार होते.

लहानूने पेन खाली ठेवलं. दाराबाहेर उत्तराबाई उभ्या होत्या, त्यांच्या साडीची किनार दिसत होती.

मग प्रेमिला बोलली. वाक्य एंबोराने सुरू झालं आणि एंबोरानेच संपलं. तोंडाशी जरी, आणि शेवटी, क्रियापदाच्या पाठीमागे, निघून. जरी त्याने माझा हात मोडला, मी निघून चालले. तरी नव्हतं त्यात.

साहेबांनी चष्मा काढला.

"क्रियापद चुकलं," दाराबाहेरून उत्तराबाई म्हणाल्या. आणि मग त्या रडायला लागल्या.

साहेबांनी हळू आवाजात बरोबर रूप सांगितलं. प्रेमिलाने तेवढा शब्द दुरुस्त करून अख्खं वाक्य परत म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने.

पास झाली ती आणि विश्वनाथ. विश्वनाथ काही गेला नाही. प्रेमिला जाते म्हटल्यावर त्याची तब्येत बिघडली, कपाळाचे टाके दुखायला लागले म्हणे. लहानूचा समुद्र राहिला तो राहिलाच. माझ्या निकालाबद्दल कोणी विचारू नये. हुकूम येईपर्यंत प्रेमिला माझ्याकडे राहिली, आणि माझ्या सासूला तिने इतकं वठणीवर आणलं की सासू रोज सकाळी मलाच विचारायची, चहा झाला का गं तुझा.

गाडीवर आम्ही तिघं पोचवायला गेलो. उत्तराबाई, मी आणि लहानू. लहानूने वर्तमानपत्रात गुंडाळून लोखंडी सळई आणली होती, आणि कोणी विचारलं तर पडद्याची आहे म्हणून सांगत होता. प्रेमिला खिडकीशी बसली. ट्रंक बाकाखाली गेली. अजून सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात प्लॅटफॉर्मवरची गर्दी दुभंगली, आणि मला मागे न बघता कळलं.

आनंदराव होता. अंघोळ करून आलेला, भुसा नव्हता, केसांना तेल. हात रिकामे होते. लहानूची सळई कागदातून अर्धी बाहेर आली. उत्तराबाई खिडकीच्या आडव्या उभ्या राहिल्या, पण त्यांचं ते उभं राहणं काय, तो त्यांच्या डोक्यावरून सरळ आत बघत होता.

"तिकडं कोण आहे तुह्यं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," प्रेमिला म्हणाली.

"मंग?"

ती उठली आणि डाव्या हाताने खिडकीची लाकडी झडप खाली ओढायला लागली. झडप फुगलेली होती, हलेना. तिने दात आवळून जोर लावला. प्लास्टरचा हात मधे मधे येत होता. गार्डने शिट्टी दिली. तिने परत ओढलं. आमच्यापैकी कोणाचाही हात तिथे पोचत नव्हता.

आनंदराव पुढे झाला. लहानूने सळई उगारली, पण तो लहानूकडे बघतही नव्हता. त्याने दोन्ही हात वर केले, तळवे झडपेच्या लाकडावर टेकवले, आणि लाकडाची नस ओळखणाऱ्या माणसासारखा आधी थोडं बाजूला रेटून मग सरळ खाली दाबलं. प्रेमिलाचं कपाळ गेलं, डोळे गेले, फुटका ओठ गेला. झडप खाली बसली. तो तसाच हात लावून उभा राहिला.

मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.